मदत हवी आहे: डायझेपामने पिल्लाचे थिजणे कमी होते, मग आईसाठीची हाक तशीच का राहते?

नमस्कार. मी अंबाजोगाईत पदवीच्या मुलांना मानसशास्त्र शिकवते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील नेड कॅलिन आणि स्टीव्हन शेल्टन यांचे १९८९ साली प्रसिद्ध झालेले संशोधन शिकवताना एका प्रश्नापाशी वर्ग अडला आहे. जाणकारांनी मदत करावी, ही विनंती.

या प्रयोगात सहा ते बारा महिन्यांची ऱ्हीसस माकडाची पिल्ले आईपासून थोडा वेळ दूर ठेवली होती. एकटे असताना पिल्लू आईला बोलावणारा लांब ‘कू’ असा स्वर काढी. परका माणूस नजर न देता तोंड वळवून उभा राहिला की ते जागीच थिजून जाई. आणि त्याने रोखून पाहिले की भुंकून धमकावी. डायझेपाम हे चिंता कमी करणारे औषध दिल्यावर थिजणे आणि भुंकणे कमी झाले, परंतु आईसाठीची हाक कमी झाली नाही. अफूपासून मिळणाऱ्या मॉर्फिनने मात्र नेमकी तीच हाक घटली, तर मॉर्फिनचा परिणाम रोखणाऱ्या नॅलोक्झोनने ती वाढली.

आमच्या भागातील मुलांना हे वर्तन परके नाही. एका विद्यार्थिनीने सांगितले की, त्यांच्या पत्र्यावर मागे राहिलेले माकडाचे पिल्लू सारखे ओरडत होते, पण खालून पोते घेतलेला माणूस जाऊ लागताच पत्र्याची कड घट्ट धरून ते गप्प झाले आणि तो दूर गेल्यावरच पुन्हा ओरडू लागले. तिचाच प्रश्न असा, की गोळीने केवळ गुंगी येत असेल तर? माझ्या मते तसे असते तर हाकही मंदावली असती. डायझेपाम मेंदूतील गाबा या शामक रसायनाचा परिणाम वाढवते, तर आईच्या विरहाची व्यथा प्रामुख्याने अफूसदृश रसायनांच्या व्यवस्थेशी जोडलेली दिसते. म्हणजे धोक्याची भीती आणि विरह यांचे मार्ग बऱ्याच अंशी वेगळे असावेत.

खरी अडचण पुढे आहे. अधिक वेळ थिजणाऱ्या पिल्लांच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरकही अधिक असते, असे कॅलिन यांच्याच गटाने पुढे दाखवले. मग डायझेपाम दिलेले, परंतु आईला हाका मारतच राहिलेले पिल्लू शरीराने शांत झाले असे म्हणावे का? की वर्तन आणि कॉर्टिसॉल यांची फारकत होते? काही पालक लहान मुलांच्या औषधांविषयीही मला विचारतात. माकडांना दिलेल्या एखाद्या मात्रेवरून त्यांना काही सांगणे मला योग्य वाटत नाही, म्हणून तो विषय मी डॉक्टरांवर सोडते. औषधशास्त्र किंवा प्राणिवर्तनाचा अभ्यास असलेल्यांनी कॉर्टिसॉलच्या मुद्द्यावर सविस्तर लिहावे. दिवाळीच्या सुटीनंतर हा भाग पुन्हा शिकवायचा आहे.