विषय: शिळं पाणी आणि गोल्डफिश

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या ढोल-तालमीच्या मेलांत माशांचा विषय घुसवतेय, सांभाळून घ्या. धाकट्याने शाळेच्या जत्रेत दोन गोल्डफिश जिंकून आणले. पुण्यात बाबा करायचे तसंच इथे सॅन फ्रान्सिस्कोत केलं: बादलीभर पाणी रात्रभर उघडं ठेवलं, सकाळी टाकीत ओतलं. दुपारी एक मासा वर येऊन तोंड उघडझाप करत होता, संध्याकाळी गेला. आता पाण्याच्या औषधाची बाटली आणलीय. ‘५० गॅलनला ५ मिली’ असं लिहिलंय. टाकी २० गॅलनची, पाणी बदलते ५ गॅलन. मोजायचं कशावर?

– सनसेटमधून

—

ताई,

पुण्याच्या नळाला साधा क्लोरीन, तो उघड्या बादलीतून उडून जातो. आपल्या सॅन फ्रान्सिस्कोत २००४ पासून क्लोरामाइन आहे. क्लोरीन नि अमोनियाची ही जोडी लांबच्या नळापर्यंत टिकावी म्हणूनच घालतात, ती एका रात्रीत कशाला जातेय!

औषध घेताना लेबलवर ‘क्लोरामाइन’ आणि ‘अमोनिया’ दोन्ही शब्द बघा. साध्या औषधांतल्या नुसत्या थायोसल्फेटने क्लोरीन जातो, पण सुटलेला अमोनिया पाण्यातच राहतो. त्यात इथलं पाणी पाइप गंजू नयेत म्हणून मुद्दाम अल्कधर्मी ठेवतात, आणि अशा पाण्यात अमोनिया माशांना जास्त बाधतो.

तुमचं माप सीकेम प्राइमचं दिसतंय, मीही तेच वापरतो. गॅलनला ०.१ मिली. आधी बादलीत औषध घालून मग पाणी ओतणार असाल तर ५ गॅलनला अर्धा मिली. पाइप लावून थेट टाकीत भरणार असाल तर हिशेब पूर्ण २० गॅलनचा, म्हणजे २ मिली, आणि तेही पाणी सोडायच्या आधी. बूच उघडल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास येईल. बाटली खराब झालेली नसते, परत करायला धावू नका (मी धावलो होतो).

– डेली सिटीकर

—

मंडळी, पाणीखात्याच्या माहितीत अंघोळीच्या टबासाठी क जीवनसत्त्वाची १००० मिलिग्रॅमची गोळी सुचवलीय. घरात डबाभर आहेत. टाकीत टाकली तर?

– रिचमंडचे काका

—

काका, तुम्ही टबातून उठून जाता, मासा कुठे जाणार? गोळीने क्लोरामाइन मोडतं हे खरं, पण अमोनिया तिथेच. गोळ्या तुम्हीच खा.

– डेली सिटीकर

—

दादा, खूप आभार. तापाच्या औषधाबरोबर आलेली सिरिंज सापडली, अर्धा मिली नेमका मोजता येतो. पण अमोनियाच्या चाचणीत अजून हिरवट रंग येतोय. डोस वाढवू का?

– सनसेटमधून

—

आज नको. औषधाने बांधून ठेवलेला अमोनियासुद्धा त्या चाचणीत दिसतो, आणि तो परवापर्यंत पुन्हा मोकळा होतो. तोवर फिल्टरमधल्या जिवाणूंनी तो खायला हवा. तुमचा फिल्टर नवा, म्हणून आठवडाभर रोज थोडं पाणी बदला, खाणं चिमटीभरच. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतलात का?

– डेली सिटीकर

—

धुतला. खसाखसा.

– सनसेटमधून

—

तिथेच घोळ झाला. नळाच्या क्लोरामाइनने तेच जिवाणू मरतात. यापुढे टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

– डेली सिटीकर