शॅम्पू : केसांआधी अंगाला

इंग्रजीत शॅम्पू हे आधी क्रियापद होतं बरं का, बाटलीतल्या पातळ साबणाला ते नाव फार उशिरा चिकटलं. आणि क्रियापद होतं तेव्हा केस धुण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, अर्थ होता अंग रगडणं, मालिश करणं. हिंदी चाँपना म्हणजे दाबणं, त्याचं आज्ञार्थी रूप चाँपो, ते इंग्रजांनी १८व्या शतकात उचललं. आपण पाय चेपतो ना, साधारण तेच काम.

हा शब्द विलायतेत गाजवला तो पाटण्याच्या दीन महोमेद या गृहस्थाने (जन्म १७५९). आधी १८१० मध्ये लंडनला हिंदुस्तानी कॉफी हाउस काढलं, ते बुडालं, मग ब्रायटनला जाऊन वाफेची आंघोळ आणि मालिश सुरू केली. पद्धत भारी होती, गिऱ्हाईकाला औषधी वनस्पतींच्या वाफेत घाम फुटेपर्यंत ठेवायचं, मग फ्लॅनेलच्या तंबूत बसवायचं, तंबूला बाह्या शिवलेल्या, मालिशवाला बाहेर उभा राहून त्यातून नुसते हात आत घालणार! चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा तो 'शॅम्पूइंग सर्जन' होता. आता सर्जन म्हणजे जरा जास्तच, पण धंदा म्हटला की पाटी मोठी हवीच.

केस धुण्याचा अर्थ १९व्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. मालिशसाठी फ्रेंचमधून मसाज आला आणि शॅम्पू कायमचा डोक्यावर जाऊन बसला.

— मग 'आय शॅम्पूड माय हेअर' चालतं का? की अप्लाइड शॅम्पू म्हणायचं?

— चालतं काय, तसंच म्हणतात. त्यात लावणं, चोळणं, धुवून टाकणं सगळं आलं. अप्लाइड म्हटलं तर नुसता लावलाय, फेस अजून डोक्यावरच. मराठीतही 'शॅम्पू लावला' आणि 'शॅम्पू केला' यात हाच फरक आहे बघा.

— आणि केसच लागतात असंही नाही हं, कुत्र्याला शॅम्पू करतात, गालिचा, सोफा, गाडीच्या सीट, फेस करून घासलं की झालं. भांड्यांना मात्र नाही, तिथे वॉश. स्पेलिंगमध्ये भूतकाळी दोन ओ तसेच ठेवून पुढे ईडी लावायचा.