संवेदनशील पीएच.डी. प्रबंध: रिपॉझिटरीत नेमकं काय बंद करायचं?

ग्रंथपाल_कोथरूड:
आमची रिपॉझिटरी (प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) डीस्पेस ७ या सॉफ्टवेअरवर आहे. तीन प्रबंध अडलेत. एक रसायनशास्त्राचा, त्याचा पेटंट अर्ज अजून गेलेला नाही. दुसऱ्यात कौटुंबिक हिंसाचार सोसलेल्या स्त्रियांच्या मुलाखती आहेत. तिसऱ्यात सह्याद्रीतल्या कंदीलपुष्प या दुर्मिळ, कंद असलेल्या वनस्पतींच्या जागा, अक्षांश-रेखांशांसह. मार्गदर्शक म्हणतात, तिन्ही सरळ 'प्रायव्हेट' करा. पण यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पदवी जाहीर होण्याआधी प्रत इन्फ्लिबनेटला (देशभरातले प्रबंध गोळा करणारं यूजीसीचं केंद्र) द्यावी लागते. काय करावं?

सर्व्हर_आणि_शेल्फ:
सर, प्रायव्हेट करून काही साधत नाही. नोंद फक्त शोधात दिसेनाशी होते. ज्याच्याकडे हँडलची (नोंदीच्या कायमच्या पत्त्याची) लिंक आहे त्याला फाइल उघडता येतेच. कुलूप फाइलला लावायचं. त्या फाइलच्या पॉलिसीत (परवानगीच्या नियमांत) 'अनॉनिमस' गटाच्या, म्हणजे कोणाही वाचकाच्या, वाचन-परवानगीला सुरुवातीची तारीख द्या. तारीख उलटली की फाइल आपोआप खुली होते. शीर्षक, सारांश, मार्गदर्शकांचं नाव मात्र उघडं राहू द्या, प्रबंध अस्तित्वात आहे हे लोकांना कळलंच पाहिजे.

खरी गळती पुढे असते. फिल्टर-मीडिया हा डीस्पेसमधला प्रोग्राम चालल्यावर पीडीएफमधला सगळा मजकूर 'टेक्स्ट' बंडलमध्ये वेगळ्या फाइलीत जातो. मूळ पीडीएफ नंतर बंद केली तरी या फाइलीची जुनी परवानगी तशीच राहू शकते. ती हाताने काढा आणि त्या नोंदीचं इंडेक्सिंग (शोधासाठीची शब्दसूची) पुन्हा चालवा, नाहीतर प्रबंधाच्या आतला शब्द शोधला तरी नोंद वर येते. मग लॉगआउट करून, दुसऱ्या ब्राउझरमधून प्रत्येक फाइलची लिंक उघडून बघा. 'प्रत मागवा' ही सोय चालू असेल तर विनंतीची मेल कोणाकडे जाते तेही तपासा. बऱ्याचदा ती नोंद भरणाऱ्या ऑपरेटरच्या खात्यावर जाते, आणि निर्णय त्याने घेणं बरोबर नाही.

मुलाखत_आणि_संमती:
दुसऱ्या प्रबंधाची परिशिष्टं आधी उघडा. सह्या आणि मोबाइल नंबर असलेली संमतीपत्रं स्कॅन करून तिथेच जोडलेली सापडतात, आणि मुख्य मजकुरात बदललेली नावं तिथे उघडी पडतात. शोधगंगेला (इन्फ्लिबनेटच्या प्रबंध-संग्रहाला) प्रकरणवार स्वतंत्र पीडीएफ लागतात, म्हणून परिशिष्टाची फाइल वेगळी असतेच. ती कायमची बंद ठेवा.

नुसतं नाव बदलणं पुरत नाही. गाव, वय आणि 'गावातली एकमेव अंगणवाडीसेविका' असं एकत्र आलं की बाई ओळखू येते. गावाऐवजी तालुका, नेमक्या वयाऐवजी वयोगट द्या. आणि पीडीएफवर काळी पट्टी ओढू नका. पट्टीखालचा मजकूर तसाच असतो, निवडून कॉपी होतो. तो वर्ड फाइलमध्येच बदला, नवी पीडीएफ काढा आणि तिच्यातून मजकूर बाहेर काढून पडताळा. हे बदल विद्यार्थी आणि मार्गदर्शकांनी करायचे, ग्रंथालयाने परस्पर नाही.

ग्रंथपाल_कोथरूड:
आभार. कंदीलपुष्पांचं आणि पेटंटचं?

सर्व्हर_आणि_शेल्फ:
अक्षांश-रेखांशांत चार दशांश स्थळं म्हणजे साधारण ११ मीटर. कंद उकरणाऱ्याला थेट झाडापाशी नेण्यासारखं आहे ते. खुल्या प्रतीत एकच दशांश स्थळ ठेवा, म्हणजे जागा सुमारे ११ किलोमीटरपर्यंत पुसट होते. नकाशे आणि फोटोही बघा: फोटोच्या मूळ फाइली जोडल्या असतील तर त्यांत जीपीएसची नोंद असू शकते. पूर्ण तक्ता बंद फाइलीत ठेवा, अभ्यासकाला मागणीवर द्या.

पेटंट_डेस्क:
इथे घाई नको. अर्ज करण्याआधी प्रबंध लोकांसाठी खुला झाला तर नावीन्य जातं. पेटंट कायद्याच्या कलम ३१ ची १२ महिन्यांची सूट ठरावीक प्रदर्शनं आणि विद्वत्सभेतल्या निबंधापुरतीच आहे. छापील प्रतही कपाटात उघडी ठेवू नका. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करा, पूर्ण तपशील त्यानंतर १२ महिन्यांत. प्रबंधात आहे पण प्रोव्हिजनलमध्ये नाही, असा भाग मधल्या काळात उघडा पडला तर तो हातचा जातो. त्यामुळे एम्बार्गो (ठरावीक काळाची बंदी) प्राधान्य तारखेपासून, म्हणजे पहिला अर्ज केल्याच्या तारखेपासून, १८ महिने ठेवा. साधारण तेव्हाच अर्जही प्रसिद्ध होतो. इन्फ्लिबनेटला प्रत देताना एम्बार्गोची तारीख आणि कारण लेखी कळवा. दोन्हीकडे तारीख एकच हवी.