सिट्रोएन डीएस: लाल तेलाच्या गाडीला हिरव्या तेलाचे स्फिअर चालतील?

प्रश्न: १९६५ ची सिट्रोएन डीएस, लाल एलएचएस हायड्रॉलिक तेलाची. १९७० च्या हिरव्या एलएचएम तेलवाल्या गाडीचे मागचे स्फिअर (सस्पेन्शनचे वायू अन् तेल भरलेले गोळे) लावू का? आटे जुळतायत.

उत्तर १: नका लावू. एलएचएस सिंथेटिक, एलएचएम खनिज तेल. स्फिअरमधल्या वायू-तेल वेगळं ठेवणाऱ्या पडद्याचं अन् सीलचं रबरच वेगळं. चुकीचं तेल लागलं की फुगतं, मऊ पडतं, मग गळती. पूर्ण गाडी हिरव्या तेलावर न्यायची तर पंप, रेग्युलेटर (तेलाचा दाब राखणारा भाग), ब्रेक, स्टिअरिंग, सगळ्यांची सीलं बदला. अर्धवट काम म्हणजे दुप्पट खर्च!

उत्तर २: शिवाय स्फिअरवर कोरलेला वायूचा दाब बघा. पुढचे-मागचे वेगळे, स्टेशन वॅगनचे आणखी वेगळे.

उत्तर ३: काढण्याआधी इंजिन बंद, गाडीची उंची ठरवणारा दांडा सर्वांत खाली, रेग्युलेटरचा दाब सोडायचा स्क्रू एक फेरा सैल. गाडी स्टँडवरच हवी. बसवताना नवं सील, त्याच तेलात बुडवून, हातानेच आवळा.