प्रतिसाद: हर्नियात अडकलेलं अपेंडिक्स

वर कुणीतरी म्हटलंय, 'जांघेतली गाठ दुखली की आतडं अडकलं समजायचं.' बहुतेक वेळा खरं, पण हर्नियाच्या (पोटाच्या भिंतीतल्या फटीतून बाहेर आलेल्या) पिशवीत कधीकधी अपेंडिक्सही सापडतं. याला अमयांड हर्निया म्हणतात. १७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस अमयांड या सर्जनने ११ वर्षांच्या मुलाचा हर्निया उघडला. आत अपेंडिक्स, आणि त्याला भोक पाडून बसलेली, खड्यासारखा थर चढलेली टाचणी! पोराने कधीतरी गिळलेली. अर्धा तास शस्त्रक्रिया चालली, तीही भूल नसताना. पोरगं वाचलं.

गोची अशी की पोट बरेचदा मऊ असतं, उलट्या असतीलच असं नाही, शौचाला होत असतं. दुखतं बहुधा जांघेतच. लहान मुलांत तर अंडकोषाला पीळ पडल्यासारखं वाटतं. त्यामुळे निदान अनेकदा ऑपरेशन टेबलावरच होतं. सीटी स्कॅन केला तर आधी कळू शकतं. मांडीच्या बाजूच्या फेमोरल हर्नियातही हे घडतं, त्याला द गारांजो म्हणतात. तो बायकांत जास्त.

आणि हो, हर्नियाची फट झाकायला बसवतात ती जाळी अशा वेळी चालते का, असंही कुणी विचारलं होतं: अपेंडिक्स पिकलेलं असेल तर सर्जन सहसा जाळी टाळतात, टाक्यांनीच शिवतात. पू असलेल्या जागी जाळीला जंतुसंसर्ग झाला तर तीच काढत बसावी लागते.