मदत हवी आहे: लॅपटॉपची वाढीव वॉरंटी घ्यावी का? (सांगली-मिरज)

मिरजेची_मास्तरीण

नमस्कार मंडळी,

लेकीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. मॉडेल ठरलंय, किंमत 63,500. मॉडेलवर कृपया चर्चा नको, त्यावरून घरात आधीच दोन तट पडलेत. घोडं अडलंय ते वाढीव वॉरंटीपाशी.

मूळ वॉरंटी एक वर्षाची आहे, ऑनसाईट, म्हणजे माणूस घरी येऊन दुरुस्ती करतो. त्यापुढे दुकानदाराने तीन पर्याय सांगितले. कंपनीचीच आणखी दोन वर्षांची वॉरंटी 7,200 ला. तीच, पण पडणं-सांडणं-फुटणं धरून एकूण तीन वर्षं, 12,400 ला. आणि तिसरा दुकानाचा स्वतःचा 'प्रोटेक्शन प्लॅन', दोन वर्षांचा, 4,500 ला. तिसऱ्याबद्दल तो फार उत्साहाने बोलत होता, म्हणूनच मला जरा शंका आली. वर "मॅडम, हा रेट आज बिलाबरोबरच. नंतर मिळायचा नाही" हेही झालंच.

आमच्या ह्यांचं म्हणणं, टीव्हीची अशीच वॉरंटी घेतली होती, तिचा कागद कपाटात पिवळा पडला आणि टीव्ही अजून ठणठणीत आहे. लेक म्हणते, सगळं घेऊन टाक. पैसे माझे असल्यामुळे मी अजून काही म्हटलेलं नाही.

वापर सांगते. ती रोज मिरजेहून सांगलीत विश्रामबागला कॉलेजला स्कूटीने जाते, लॅपटॉप पाठीवरच्या सॅकमध्ये असणार. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट सारखी ये-जा करते. चार वर्षं तरी हाच लॅपटॉप चालवायचा आहे, मध्ये दुसरा घेणं जमणार नाही. तर वॉरंटी घ्यावी का, आणि घ्यायची तर कुठली? ज्यांनी खरोखर क्लेम केलाय त्यांनी लिहिलं तर फार बरं होईल.

ताळेबंद

ताई, साधा हिशोब करू. वाढीव वॉरंटीत सगळ्यात महाग पडणारी गोष्ट म्हणजे मदरबोर्ड. तुमच्या किमतीच्या लॅपटॉपला कंपनीकडून बदलायचा तर 24,000 धरून चला, मला साधारण तेवढंच कोटेशन आलं होतं. 7,200 भागिले 24,000 म्हणजे 0.3. असे दहा लॅपटॉप घेतले तर त्यातल्या तिघांचा बोर्ड नेमका दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच जायला हवा, तेव्हा कुठे घेणाऱ्यांचे पैसे बरोबरीत सुटतात. मला नाही वाटत इतके जात असतील.

मी असतो तर 7,200 बाजूला ठेवले असते. काही झालंच तर त्यातून दुरुस्ती, नाही झालं तर पुढच्या लॅपटॉपला उपयोगी. (पतसंस्थेत ठेवू नका म्हणजे झालं. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.)

आणि सांगितलेला भाव जीएसटी धरून आहे का ते विचारा. 18 टक्के वरून लागले तर 7,200 चे जवळपास साडेआठ हजार होतात.

चिपलेव्हल

मी सांगलीतच लॅपटॉप रिपेअरिंग करतो. दुकानाचं नाव सांगत नाही, जाहिरात होईल.

मॅडम, कॉलेजच्या पोरांचे लॅपटॉप कशाने येतात ते सांगतो. एक नंबर स्क्रीन. पडून फुटते त्यापेक्षा जास्त वेळा पेन नाहीतर इअरफोन कीबोर्डवर राहतो आणि वरून झाकण दाबलं जातं. बारीक टक आवाज येतो, पोरगं उघडून बघतं तर कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा काळा डाग. दुसरं हिंज, म्हणजे बिजागरी. रोज एकाच कोपऱ्याला धरून झाकण उघडलं की स्क्रू ज्या प्लॅस्टिकच्या बुंध्यात बसतो तो बुंधाच उपटून येतो. तिसरं चहा-पाणी. चौथं चार्जिंगची पिन ढिली.

आता बघा, यातलं साध्या वाढीव वॉरंटीत जवळपास काहीच बसत नाही. साधी वॉरंटी आपोआप बिघडलेल्या पार्टसाठी असते. फुटलं, सांडलं, वाकलं की ते 'फिजिकल डॅमेज' होतं. हिंजवर तर हमखास वाद होतो, कारण ती आपसूक गेली की ओढून तोडली हे ठरवणार कोण?

बोर्ड जातो, नाही असं नाही. पण कंपनी बोर्डवरचा एक आयसी, म्हणजे छोटी चिप, बदलत बसत नाही, अख्खा बोर्ड बदलते. प्रोसेसर बोर्डलाच सोल्डर असतो, पातळ मॉडेलमध्ये बहुतेक वेळा रॅमपण, म्हणून किंमत चढते. चार्जिंगचा आयसी किंवा एखादा मॉसफेट (बोर्डवरचा बारीक इलेक्ट्रॉनिक स्विच) उडाला असेल तर ते काम आमच्यासारखे चार-पाच हजारांत करतात. अट एकच, आधी कोणी हेअर ड्रायरने वाळवायचा नाहीतर स्क्रूड्रायव्हर घालायचा प्रयोग केलेला नसावा.

वॉरंटी चालू असताना मात्र आमच्याकडे आणू नका. उघडलेलं दिसलं की कंपनी हात वर करू शकते.

मिरजेची_मास्तरीण

@चिपलेव्हल दादा, पेनचं वाचून अंगावर काटा आला, आमच्याकडे हे शंभर टक्के होणार. म्हणजे मला ज्याची भीती आहे ते 7,200 वाल्यात नाहीच? मग दुकानदार "सगळं कव्हर आहे" कशाच्या जोरावर म्हणत होता?

कुपवाडचा_भावड्या

"सगळं कव्हर"वर माझं ऐका ताई. मी अशाच एका मोठ्या दुकानाचा प्लॅन घेतलेला, नाव घेत नाही. दुसऱ्या वर्षी डिस्प्लेला उभ्या रेषा यायला लागल्या. फोन केला तर म्हणले, प्लॅन आमचा नाही, अमुक कंपनीचा, तिकडं बोला. तिकडं बोललो तर म्हणले, बिल घेतल्यावर ठराविक दिवसांत ॲक्टिव्हेट करायचा होता, केलाय का? ते दुकानदारानं सांगितलंच नव्हतं. भांडून भांडून ॲक्टिव्हेट झाला, तर वरनं घसारा लावला. म्हणजे जुन्या मशीनची आजची किंमत धरून त्याच्या ठराविक टक्क्यापर्यंतच खर्च देणार. बाकीचे पैसे मीच भरले की.

सगळेच प्लॅन तसे असतील असं म्हणत नाही. पण घ्यायचाच असला तर छापील अटी आधी मागा. पैसे देणार कोण, मर्यादा किती, घसारा आहे का, ओरिजिनल पार्ट टाकणार का. दुकानदार म्हणाला "अटी नंतर मेलवर येतील" तर सरळ चालू लागा.

गावभाग

लाईट ये-जा करते म्हणालात म्हणून लिहितो. व्होल्टेज वर-खाली होऊन अडॅप्टर किंवा बोर्ड उडाला तर बहुतेक कंपन्या ते बाहेरचं कारण धरतात, वॉरंटीत घेत नाहीत. चांगला सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेलं व्होल्टेज अडवणारा बोर्ड) घ्या, त्याचा खर्च या सगळ्यात चिल्लर आहे. गडगडायला लागलं की प्लग काढायचा, लॅपटॉपला बॅटरी असतेच.

आणि आपल्या गावाला न विसरता येणारी गोष्ट म्हणजे पाणी. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 ला धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. त्या पाण्यात आमच्या गल्लीतले संगणक, प्रिंटर, सगळं गेलं. पूर कुठल्याच वॉरंटीत येत नाही. तो विम्याचा विषय आहे. 2021 पासून 'भारत गृह रक्षा' नावाची घराची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. तिच्यात घरातल्या सामानाचं पुरानं झालेलं नुकसान धरतात. मिरजेला तुमच्याकडे एवढी भीती नसेल, पण वाचणारे इतरही आहेत म्हणून लिहिलं.

पूर्वी_विलिंग्डन

मला वाटतं ताळेबंद यांच्या हिशोबात एक गोष्ट राहिली, ती म्हणजे वेळ. परीक्षेच्या आधी लॅपटॉप बंद पडला आणि घरात दुसरा नसला की 24,000 पेक्षा ते आठ-दहा दिवस जास्त महाग पडतात. माझी वाढीव वॉरंटी कामी आली ती त्यासाठीच. माणूस घरी आला, जेवणाच्या टेबलावर बसून कीबोर्ड बदलून गेला.

पण ऑनसाईट हा शब्द वाचून भुलू नका. 'नेक्स्ट बिझनेस डे' म्हणजे तक्रार नोंदवून निदान झालं, पार्ट उपलब्ध असला, तर त्याच्यापुढचा कामाचा दिवस. सांगलीला पार्ट बाहेरून येतो, एखाद-दुसरा दिवस जास्त धरा. कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन करून स्वतःचा पिनकोड सांगा (विश्रामबागचा 416415, मिरजेचा तुम्हाला माहीत आहेच) आणि विचारा, इथे माणूस घरी येतो की मशीन कोल्हापूरला पाठवावं लागतं. कोल्हापूरला हेलपाटे मारायचे असतील तर 7,200 ची किंमत माझ्या लेखी निम्मी.

बॅटरीचंही विचारा. पुष्कळदा वाढीव वॉरंटी तीन वर्षांची असली तरी बॅटरी एकच वर्ष धरलेली असते, आणि चार वर्षं वापरायचा तर बॅटरी एकदा बदलावी लागणारच. कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती पहिल्या दिवशी चालू करून द्या. आणि डेटा कोणीच देत नाही! एसएसडी (फायली साठवणारा भाग) बदलून मिळेल, त्यातला प्रोजेक्ट नाही.

ताळेबंद

वेळेचा मुद्दा मान्य. हिशोब मांडताना आम्ही लोक जे रुपयांत दिसत नाही ते सोडून देतो खरं.

आणखी एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. "आज बिलाबरोबरच" हे कंपनीच्या वॉरंटीला सहसा लागू नसतं. डेल, एचपी, लेनोवो यांसारख्या कंपन्यांची वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी संपायच्या आत, त्यांच्या साईटवरूनही घेता येते. म्हणजे निर्णय घ्यायला तुमच्याकडे वर्ष आहे. पहिल्या वर्षात मशीनने कुरकूर केली तर घ्या, सरळ चाललं तर सोडा. भाव थोडा वर-खाली होईल, पण वर्षभराचा अनुभव हाताशी असेल.

अपघाती नुकसानीचं मात्र उलट आहे. ते बहुतेक खरेदीनंतर ठराविक दिवसांतच मिळतं, शिवाय वर्षाला किती क्लेम याची मर्यादा असते. ती मुदत आजच विचारा.

मिरजेची_मास्तरीण

सगळ्यांचे आभार. शाळा सुटल्यावर टोल-फ्रीला फोन लावला, भरपूर संगीत ऐकलं, मग एक मुलगी बोलली. तिच्याशी बोलून एवढं कळलं: मिरजेच्या पिनकोडला माणूस घरी येतो. दोन वर्षांची वाढीव वॉरंटी पहिल्या वर्षात कधीही घेता येईल. अपघाती नुकसानीचं फक्त एका वर्षाचंही मिळतं, 1,900 ला, कर धरून, हे दुकानदाराने सांगितलंच नव्हतं. ते महिन्याभरात घ्यावं लागेल, वर्षात एकच क्लेम. हिंज ओढून तुटली तरी त्यात धरतात का, हे मी तीन वेगवेगळ्या पद्धतीने विचारलं आणि मेलवर लेखी घेतलं. मास्तरीण आहे, एकाच उत्तरावर समाधान होत नाही.

तर लॅपटॉप घेतला, फक्त 1,900 वालं घेतलं, बाकी पुढच्या वर्षी बघू. दुकानदाराने प्लॅनचा विषय सोडला आणि माऊस फुकट दिला. ह्यांचं मत: तोच आधी द्यायचा होता.

चिपलेव्हल

बरोबर केलंत. आता एक काम लगेच करा. खालच्या बाजूचा सिरीयल नंबर कंपनीच्या साईटवर टाकून वॉरंटीची तारीख बघा. बऱ्याचदा ती तुमच्या बिलापासून नाही, माल कंपनीतून निघाल्यापासून सुरू झालेली दिसते. बिलाची प्रत पाठवली की दुरुस्त करून देतात. पण वर्ष संपताना पाठवलं तर रडगाणं.

कुपवाडचा_भावड्या

आणि ताई, कोणी टोलवाटोलवी केलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915. त्यानं नाही भागलं तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विकणारा कुठलाही असू दे. पाच लाखांपर्यंत फी नाही. मला हे उशिरा कळलं.

मिरजेची_मास्तरीण

@चिपलेव्हल दादा, बघितलं. बिल या महिन्याचं आणि साईटवर वॉरंटी दीड महिना आधीच सुरू! बिलाचा फोटो पाठवलाय, तक्रार क्रमांक आलाय. तारीख बदलली की इथे लिहिते.