उंच हँडलबार आणि जुन्या केबल

मोटारसायकलचा हँडलबार उंच घेतल्यास जुन्याच केबल पुरतील का, असे आपण विचारले आहे. साताऱ्यात घराच्या पडवीत मी नुकतेच हे काम केले, म्हणून थोडी भर घालतो.

हँडलबार धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट पूर्ण आवळण्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करून हँडल दोन्ही टोकांपर्यंत सावकाश वळवावे. वळवताना इंजिनचा आवाज चढला, तर अॅक्सिलरेटरची केबल ताणली जात आहे असे समजावे, आणि हा दोष यवतेश्वर घाटाच्या वळणावर जिवावर बेतू शकतो. माझ्या गाडीत डावीकडे वळवताच आवाज चढत होता, कारण केबल टाकीखालच्या क्लिपमध्ये आवळली गेली होती. ती मोकळी करून नव्या वाटेने नेल्यावर जुनी केबल पुरली. ब्रेकचा होस, म्हणजे ब्रेक ऑइलची नळी, मात्र ताठ होत असेल, तर लांब होसच घ्यावा, तिथे तडजोड नको.

ब्रेक ऑइलची डबी काम होईपर्यंत उभीच ठेवावी, नाहीतर आत हवा शिरते. डॉट ४ ऑइल (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) गाडीच्या रंगावर सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे. हँडलवरच्या स्विचच्या आतली, स्विच जागेवरून फिरू न देणारी छोटी खुंटी कानसून टाकू नये. तिच्यासाठी हँडलबारला मोजून भोक पाडावे.